रेघेपलीकडची शेगडी

लेले काकांनी उभ्या आयुष्यात मांसाचा तुकडा तोंडात घातला नाही. केकमध्ये अंडं आहे का, हे ते आधी विचारायचे. आहे म्हटलं की बशी परत ठेवायचे आणि वर, "दिसतोय मात्र झकास," अशी पावती द्यायचे. आणि तरीही चँडलरमधल्या आमच्या गल्लीत त्यांच्यासारखा स्टेक भाजणारं दुसरं कुणी नव्हतं. मी ऐकीव सांगत नाहीये. त्यांच्या शेगडीवर जे काही भाजलं गेलं, त्याचा पहिला घास बहुतेक वेळा माझ्याच तोंडात गेला, कारण स्वतः चाखून बघायची त्यांना सोय नव्हती.

माझं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच शंका नको. मी खाते. नागपूरला माहेरी आणि सासरी मटणापर्यंतच मजल होती. ॲरिझोनात आल्यावर मी पुढे गेले, माझा नवरा प्रकाश मटणावरच थांबला. त्याची कढई वेगळी, माझा तवा वेगळा. आमच्या घरात यावर भाषणं झाली नाहीत. दोघांनाही सकाळी लवकर कामावर पोचायचं असायचं.

काका आले दोन हजार तीन साली. त्यांचा मुलगा निखिल माझ्याबरोबर चिप बनवण्याच्या प्लान्टमध्ये होता आणि आमच्या समोरच्याच घरात राहायचा. म्हणजे घर त्याचं होतं, तो स्वतः अर्धा महिना तैवानला असायचा. त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. काका मूळचे सांगलीचे, नोकरी सगळी पुण्यात, पोलादाचे पत्रे लाटणाऱ्या कारखान्यात. धातुशास्त्र हा त्यांचा विषय. सत्तरीच्या अलीकडचे, ताठ, सडपातळ. आणि ज्या गावात उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं, त्या गावात डोक्याला माकडटोपी.

"बाहेर ऊन आहे गं," ते मला समजावून सांगायचे, "पण आत सगळीकडे एसी. कानात वारं जातं."

त्यांना टकटक करायची सवय होती. ओळख झाली त्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला, आणि लगेच माझ्या नव्या गाडीच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करून कान पुढे केला.

"पत्रा पातळ आहे."

"काका, कालच घेतलीय हो."

"रंग चांगला आहे पण," ते म्हणाले. खोटी समजूत घालणं त्यांना जमत नसे, म्हणून रंगावर निभावून नेलं. कलिंगड, टेबल, दाराची चौकट, माझ्या मुलीची सायकल, सगळ्यावर टकटक. "मटेरियल खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आधी बघायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा," हे दुसरं. घाईने कुणी कशाला हात लावला की त्यांच्या कपाळावर आठी यायची.

निखिलने घर घेतलं तेव्हा सगळे घेतात म्हणून कोळशाची एक मोठी ग्रिल घेतली होती. ती मागच्या अंगणात झाकण घालून पडलेली. काकांनी झाकण काढलं, जाळीवर टकटक केलं, "हे बिडाचं आहे, उत्तम आहे, आणि याला आच्छादन घालून ठेवलंय," असा राग व्यक्त केला आणि पेटवली. पहिला पदार्थ वांग्याचं भरीत.

आमच्याकडे मागच्या अंगणांमध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. भिंतीपलीकडून आवाज आला, "काय जळतंय?"

"वांगं," काकांनी इंग्रजीत उत्तर दिलं.

मग, "मुद्दाम जाळताय?"

हा वॉल्ट. ऐंशीच्या आसपासचा, एकटा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. जन्मभर जनावरांच्या बाजारात काम केलेला. काकांनी त्याला भरीत खायला बोलावलं. मीही होते. वॉल्टने दोनदा भरीत मागून घेतलं आणि मग अगदी सरळ सांगितलं, "चावावं लागत नाही असं बऱ्याच दिवसांनी काहीतरी चवीचं मिळालं." त्याला नवी कवळी बसवली होती. त्या कवळीपुढे तो हरला होता. डबाबंद सूप आणि आइस्क्रीम, यावर गडी जगत होता. विजार पट्ट्याने गोळा करून बांधलेली.

"मांस?" काकांनी विचारलं. जणू पोळी खाता का, असं विचारावं तसं.

वॉल्ट म्हणाला, बायको फ्लँक स्टेक करायची. फ्लँक म्हणजे जनावराच्या पोटाच्या बाजूचा लांबट, चपटा तुकडा. चिवट, पण चवीला जोरदार. आता तो जबड्याला झेपत नाही.

मी व्यवहारी सल्ला दिला, "मग टेंडरलॉइन आणा ना. लोण्यासारखं मऊ असतं."

"मऊ असतं," वॉल्ट म्हणाला, "आणि चवीलाही लोण्यासारखंच असतं. जो स्नायू काम करतो त्यालाच चव येते, बाई."

काका ताठ बसले. माकडटोपी मागे सरकवली. "काम करणारा स्नायू चिवट असणारच," ते मला मराठीत म्हणाले, "म्हणजे हा मटेरियलचा प्रश्न आहे! सुनंदा, हा सुटण्यासारखा प्रश्न आहे!"

इतका आनंदलेला माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही.

प्रश्न सुटण्यासारखा होता, पण आधी कुमुदकाकूंची परवानगी लागणार होती. काकू म्हणजे देवपूजा, एकादशी, चतुर्थी, सगळं यथासांग. मी स्वयंपाकघरात उभी होते तेव्हाच काकांनी विषय काढला. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"खाणारा तो, भाजणारा मी," काका म्हणाले. "भुकेल्या माणसाचं काम आहे."

काकू पोळी लाटत राहिल्या. पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "अहो, माझ्या घरात त्याचा वासही यायला नको."

"नाही येणार."

"भांडी वेगळी. चिमटे वेगळे. कपडे वेगळे. आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"मान्य."

"आणि माझं भरीत आता गॅसवर. त्या शेगडीवर नाही."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पांढऱ्या रांगोळीने मागच्या अंगणाच्या फरशीवर एक ठसठशीत रेघ ओढली. ग्रिल रेघेच्या पलीकडे. काका रेघेजवळ एक जुना पंचा आणि बनियन घालून तयार. सोवळ्याचं धोतर नेसावं तसं त्यांचं हे ओवळ्याचं नेसणं. कच्च्या मांसाचा चिमटा लाल दोऱ्याचा, भाजलेल्याचा बिनदोऱ्याचा. कच्चं ज्या ताटलीत आलं त्यात भाजलेलं परत जाणार नाही. ज्यात मांस मुरलं तो मसाला वरून ओतायचा नाही, फेकायचा. हात सारखे धुवायचे. घरातल्या सोवळ्याचे सगळे नियम काकांनी तिकडे उलटे करून लावले. वॉल्ट खुर्चीत बसून बघत राहिला. म्हणाला, "मी आयुष्यभर बार्बेक्यूला गेलोय. एवढी स्वच्छता मी फक्त ऑपरेशनच्या वेळी पाहिली."

दुकानात मांस आणायला काकांना मी घेऊन गेले. मांसाच्या काउंटरसमोर सव्वाशे किलोचा खाटीक, पांढरा एप्रन, आणि समोर काका, स्वेटर आणि माकडटोपीत. एसीचा सगळा भर त्या काउंटरवरच होता.

"मला पूर्ण फ्लँक बघायचाय. कापलेला नको," काका म्हणाले.

त्याने उचलून दाखवला. काकांनी हात लावला नाही. "उजेडाकडे करा. आता फिरवा. थांबा!" आणि मग माझ्याकडे वळून, डोळे चमकत, "अगं, बघ, बघ! ग्रेन!"

खरंच, मांसाचे लांब धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले दिसत होते, विंचरल्यासारखे.

"लाटलेल्या पत्र्यालाही असाच असतो. एका दिशेने ताकद, आडव्या दिशेने कमी. लोक म्हणतात मऊ करा, मऊ करा. अगं, मऊ कशाला करायचं? धागा आखूड करायचा! आडवं कापायचं!"

खाटिकाने मला हळूच विचारलं, "यांचं रेस्टॉरंट कुठे आहे?"

"हे शाकाहारी आहेत," मी म्हणाले. तो हसला. त्याला विनोद वाटला.

पण आडवं कापण्याने अर्धंच काम होणार होतं, उरलेलं मुरवण्यात आणि भाजण्यात होतं, आणि तिथे आम्ही सपशेल आपटलो. सल्ला माझ्या सासूबाईंचा. नागपूरला फोन लावला तर त्या म्हणाल्या, "चिवट आहे ना? कच्ची पपई वाटून लाव आणि रात्रभर ठेव." बोकडाच्या मोठाल्या तुकड्यांना हे ठीक आहे. आम्ही ते पातळ फ्लँकला केलं. शिवाय काकांनी पपई जास्त घातली, कारण प्रश्न चिवट होता.

सकाळी झाकण उघडलं. वरचा थर शिऱ्यासारखा झाला होता. बोट लावलं की बोटाला येत होता. आणि आतलं सगळं कालच्याइतकंच चिवट! तरी भाजलं. मी खाल्लं. बाहेरून लापशी, आतून चप्पल.

"सांग," काका म्हणाले.

"भयंकर आहे."

"भयंकर हे माप नाही. चव सांगू नको, चावणं सांग."

मला माप सुचेना. शेवटी काकांनी स्वतःच एक श्रेणी ठरवली. ताजी पोळी, शिळी पोळी, भाकरी, शिळी भाकरी आणि सर्वांत खाली चामडं. ही मला आणि त्यांना दोघांना ठाऊक असलेली मापं होती. मी त्या दिवशी म्हणाले, "वरून ताजी पोळीसुद्धा नाही, कणीक. आतून चामडं."

वॉल्टने तोंडातला घास कागदी रुमालात ठेवला आणि हसून म्हणाला, "लेले, तू प्रयत्न केलास." आणि उठताना सहज सांगितलं की लिंडा ऑक्टोबरात येतेय.

लिंडा त्याची मुलगी. मिनेसोटात राहायची. दर रविवारी फोन करायची आणि दर फोनला त्याचं वजन विचारायची. तिने तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात वॉल्टसाठी खोली बघून ठेवली होती. वडील खात नाहीत, खंगत चाललेत, एकटे आहेत. तिचं काही चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. वॉल्ट मात्र म्हणाला, "तिथे खिडकीबाहेर पाच महिने बर्फ असतो. आणि स्वयंपाकघर नसतं. मी तिला म्हटलंय, येऊन बघ. मी नीट जेवताना दिसलो नाही तर बॅग भरतो."

तो गेल्यावर काका बराच वेळ पंच्यातच बसून राहिले. काकू दारातून म्हणाल्या, "आंघोळीला पाणी तापलंय." काकांनी ऐकलं नाही. मग एकदम उठून म्हणाले, "ऑक्टोबर! म्हणजे उन्हाळाभर वेळ आहे."

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बाकी गल्ली एसीत दडून बसलेली आणि हा माणूस सूर्य मावळता मावळता कोळसे पेटवून उभा! दर शनिवारी नवा प्रयोग. दह्यात मुरवलं, शिळी भाकरी. व्हिनेगरमध्ये मुरवलं, भाकरी, पण चव औषधासारखी. त्या व्हिनेगरचा वास रेघ ओलांडून घरात गेला आणि काकू बाहेर आल्या.

"हे काय घातलंत?"

"आम्ल लागतं. आंबट."

"मग चिंच नाही का घरात?"

"अगं, पण चिंच तुझी..."

"वाटीत काढून देते. वाटी परत आणू नका."

चिंच, गूळ, आलं, लसूण, तेल, मीठ. काकूंनी रेघेच्या अलीकडून हात लांब करून वाटी ठेवली आणि काकांनी पलीकडून उचलली. आल्याने मांस मऊ पडतं, हे काकांना सासूबाईंच्या पपईनंतर पटायला जड गेलं, पण थोडंच घातलं, थोडाच वेळ ठेवलं आणि ते जमलं. मीठ मात्र आधीच लावून ठेवायचं, कारण मसाला वरच्या वर राहतो आणि मीठ आत उतरतं, हे त्यांनी तुकडे कापून कापून शोधलं. गूळ जळून कडू होतो, म्हणून भाजण्याआधी तुकडा पुसून कोरडा करायचा, हेही. पहिल्यांदा पुसलेला तुकडा जाळीवर पडला आणि चर्र झालं. काका टाळी वाजवून म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस? हा आवाज हवा होता!"

सगळ्यात अवघड गेलं ते कमी भाजणं. आमच्याकडे मांस म्हणजे शिजून हाडापासून सुटलेलं. वॉल्टला आत गुलाबी हवं. काकांना तो गुलाबी रंग बघवत नसे. नजर दुसरीकडे ठेवून ते बोटाने दाबून बघायचे. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायचे, मग स्टेक दाबायचे, मग परत अंगठा. "एवढं लवचिक असताना काढायचं. आणखी ठेवलं की धागे आखडतात." काढल्यावर लगेच कापायचं नाही. वॉल्ट सुरी घेऊन पुढे झाला की काका हात आडवा धरायचे. "निवू दे. गरम धातूला कुणी करवत लावतं का?"

सप्टेंबरात एका शनिवारी मी पातळ, तिरका, आडवा कापलेला तुकडा तोंडात घातला आणि थांबले.

"बोल ना!"

"शिळी पोळी," मी म्हणाले. "काका, शिळी पोळी!"

काका पंचा सावरत अंगणात गोल फिरले. वॉल्टला श्रेणी पाठ झाली होती. तो मोठ्याने म्हणाला, "शिली पोली?" आणि स्वतःच काटा पुढे केला. त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. कवळीचा आवाज येत होता, पण थांबला नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

लिंडा आली ती ऑक्टोबरातल्या रविवारी. पन्नाशीची, आटोपशीर, आल्या आल्या फ्रिज उघडून बघणारी. मला ती लगेच आवडली. जेवण काकांच्या अंगणात. प्रकाशने मका भाजायची इच्छा व्यक्त केली. काकांनी, "आज नको, आज शेगडी मोकळी हवी," असं सांगून त्याला खुर्चीत बसवलं.

काका कामाला लागले. कोळसे, पुसणं, चर्र, बोट, अंगठा, निववणं. सगळं जमलं. वॉल्टने पाच-सहा काप खाल्ले, काकूंचा भात खाल्ला आणि ताट पुसून घेतलं. लिंडा बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं, ती हिशेब करत होती.

"डॅड, तुम्ही जेवलात. मला बरं वाटलं," ती म्हणाली. "पण हा रविवार आहे. शेजारी आहेत. मंगळवारी कोण भाजणार?"

"मी," काका लगेच म्हणाले. "मंगळवारी, गुरुवारी, म्हणाल त्या दिवशी."

"तुमचं वय काय, सर?"

काकांनी सांगितलं.

"आणि तुम्ही हिवाळ्यात भारतात जाणार आहात ना? डॅड म्हणाले."

तिकिटं काढून झाली होती. सगळ्या उन्हाळ्यात त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. चिवट मांसाचा प्रश्न त्यांनी सोडवला होता, पण भाजायचं त्यांनाच येत होतं. वॉल्ट ताटाकडे बघत बसला. मला वाटलं, संपलं.

काका उठले. रेघ ओलांडून गेले. बर्फाच्या पेटीत त्यांनी एक तुकडा जास्तीचा मुरवून ठेवला होता, चुकलं तर असू दे म्हणून. तो काढला, पुसला. मग दोऱ्याचा चिमटा हातात घेऊन तसेच उभे राहिले. तो चिमटा त्यांनी आजवर कुणाला धरू दिला नव्हता. निखिलला नाही, मला नाही. एकदा मी नुसता उचलला तर, "ठेव, ठेव," म्हणाले होते.

"वॉल्ट," ते म्हणाले, "इकडे ये. तू कर."

वॉल्टचा हात थरथरतो. ते सगळ्यांना माहीत होतं. तो उठला, चिमटा घेतला. काका येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

तुकडा जाळीवर पडला. चर्र झालं. वॉल्ट चिमटा घेऊन लगेच खाली वाकला.

"उलटू नको," काका मराठीत पुटपुटले. "उलटू नको रे बाबा. अजून नाही. अजून नाही!"

"तुम्ही गप्प बसा," काकू दारातून म्हणाल्या.

वॉल्टने उलटला. एक कड काळी पडली होती. काकांच्या तोंडून असा आवाज आला जसा कुणाच्या पायावर पाटा पडल्यावर येतो. हात मात्र मांड्यांखालीच. वॉल्टने चिमटा बदलला, बोटाने दाबलं, स्वतःचा अंगठा दाबला, पुन्हा तुकडा दाबला आणि उतरवला. निववला. त्याने घड्याळ बघितलं नाही, लिंडाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तेवढा वेळ निववला. मग सुरी घेतली आणि ती लावली धाग्यांच्या दिशेने. उभी!

काकांनी डोळे मिटले.

वॉल्ट थांबला. सुरी ठेवली. सुरी फिरवली नाही, खालची कापायची फळी फिरवली. मग आडवी लावली आणि पातळ काप काढायला लागला, थरथरत्या हाताने जाड-बारीक, पण आडवे.

"उघडा डोळे," मी काकांना म्हटलं.

पहिला काप वॉल्टने मला दिला नाही, लिंडाला दिला. तिने बराच वेळ चावला.

"एका बाजूला करपलाय," ती म्हणाली.

"तुझी आई पण करपवायची," वॉल्ट म्हणाला.

लिंडा हसली. खरं हसली. दुसरा काप तिने न विचारता घेतला. मग म्हणाली, वसंत ऋतूपर्यंत बघू. खोली ती तोवर सोडून देते. तोवर वजन दर आठवड्याला सांगायचं, खरं सांगायचं.

"आय विल टेल," काका म्हणाले.

"तुम्ही भारतात असणार," ती म्हणाली.

"देन शी विल टेल," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या हिवाळ्यात दर रविवारी सांगलीहून काकांचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे काही नाही. "काय श्रेणी?" पहिल्या महिन्यात एकदा "शिळी भाकरी" सांगितलं तर लगेच, "मीठ कधी लावलं होतं?" जानेवारीत पोळीपर्यंत आलो. वॉल्टची विजार पट्ट्याशिवाय राहायला लागली होती. लिंडाने वसंतात फोन केला, खोलीचा विषय काढला नाही.

दोन हजार सहा साली प्रकाशला दूर पूर्व किनाऱ्याकडे, पार्सिपनीला नोकरी लागली आणि आम्ही चँडलर सोडलं. ट्रक आदल्या दिवशी गेला होता. सकाळी निघताना काका-काकूंना नमस्कार केला होता. काकूंनी डबा दिला होता. पण संध्याकाळी चाव्या द्यायला परत यावं लागलं आणि मी निखिलच्या घरामागच्या गल्लीतून गाडी काढली. त्या बाजूला भिंत नाही, नुसतं जाळीचं कुंपण आहे, त्यामुळे तिथून सगळी अंगणं दिसतात.

वॉल्टच्या अंगणातून धूर येत होता. वॉल्ट पाठमोरा, स्वतःच्या नव्या शेगडीशी वाकलेला. निखिलच्या अंगणात भिंतीलगत बादली पालथी घातलेली आणि तिच्यावर काका उभे. माकडटोपीसकट त्यांचं डोकं तेवढं भिंतीच्या वर आलेलं. मागे काकू बादली धरून. काकांचे ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल.

मी काच खाली केली. "काका!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर वॉल्टच्या चिमट्यावर. "सुनंदा, बरं झालं आलीस," ते मराठीत ओरडले. "तो भाजताना मी अक्षर बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. तू सांग त्याला, आत्ता उलटू नको म्हणावं!"

मी मान बाहेर काढली आणि घसा ताणून ओरडले, "वॉल्ट, इतक्यात उलटू नका!"

वॉल्टने मागे वळूनही बघितलं नाही. "मला माहितीये, हे कोण बोलतंय ते," तो म्हणाला, आणि उलटला.